न खाजणारा, न दुखणारा चट्टा

अंगावर चट्टा आहे, परंतु खाज नाही, आग नाही, वेदना नाही, असे सांगणारा रुग्ण बहुधा उशिरा येतो. जे दुखत नाही त्यासाठी मजुरी बुडवून दवाखान्यात कोण येणार? गुरुकुंज मोझरीच्या परिसरातील आमच्या व्यवसायात असे रुग्ण नेहमी पाहावयास मिळतात. त्यांपैकी एकाच्या बाबतीत आमच्याकडून झालेली चूक व्यवसायबंधूंपुढे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

चाळिशीचा शेतमजूर. उजव्या हाताच्या मनगटावर फिकट, कोरडा चट्टा. आम्ही सिध्म समजून गंधक रसायन व करंज तेल दिले. तीन महिन्यांनी तो आला तेव्हा त्याच चट्ट्यावर भाजल्याचा फोड होता. चुलीचा चटका केव्हा बसला, हे त्यास ठाऊकच नव्हते. तेव्हा कुठे आम्ही कापसाची वात हाती घेतली. चट्ट्यावर स्पर्श कळेना, कोपराजवळील चेता दोरीसारखी जाड लागली, आणि करंगळी वाकू लागली होती.

कुष्ठाच्या पूर्वरूपांत स्पर्शज्ञान नष्ट होणे चरकाचार्यांनी सांगितले आहे. हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. रुग्णाच्या हातावर मात्र पडताळले नाही. अर्थात शास्त्रोक्त कुष्ठ म्हणजे केवळ आजचा कुष्ठरोग नव्हे. अठरा प्रकारांत दद्रूही येतो. म्हणूनच साध्या गजकर्णाच्या चिठ्ठीवर ‘कुष्ठ’ लिहून घरच्यांची झोप उडवू नये, असे आमचे मत आहे.

परीक्षा दोन मिनिटांची आहे. प्रथम निरोगी त्वचेवर वातीचे टोक टेकवून रुग्णास समजवावे. मग डोळे मिटावयास सांगून, जेथे स्पर्श झाला तेथे त्यास बोट ठेवू द्यावे. वात घासू नये. चेहऱ्यावरील चट्ट्यात संवेदना पुष्कळदा शाबूत असते. अंगभर अस्पष्ट चट्टे असलेल्या रुग्णातही ती असू शकते. म्हणून कोपर, गुडघ्याची बाहेरील बाजू व मान येथील चेता चाचपाव्यात. भुवया विरळ झाल्या आहेत काय, कानाच्या पाळ्या जाड आहेत काय, तेही पाहावे.

प्रत्येक मूक चट्टा कुष्ठरोगाचा नसतो. आपल्याकडे ज्यास शिबं म्हणतात त्यावर नख ओढले असता कोंड्यासारखी भुकटी निघते. श्वित्र पूर्ण पांढरे असते व त्यात स्पर्श कळतो. लहान मुलांच्या गालावरील फिकट ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात. तळहात-तळपायांवर न खाजणारे तांबूस डाग दिसल्यास फिरंगोपदंशाचा विचार करून रक्त तपासावे. त्यापूर्वीचा न दुखणारा व्रण रुग्ण लाजेने सांगत नाही. बारीक लाल ठिपके काचपट्टीने दाबूनही नाहीसे झाले नाहीत, तर तो त्वचेखालील रक्तस्राव होय. विशेषतः पावसाळ्यानंतर ताप असताना असे दिसल्यास त्याच दिवशी प्लेटलेट मोजाव्यात. येथे रक्तमोक्षणाचा विचारही करू नये.

औषधी दुकानदार बंधूंनी अशा चट्ट्यावर स्टिरॉइडयुक्त मलम चिठ्ठीवाचून देऊ नये. खुणा दबतात, निदान लांबते.

अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन उभारले, तेव्हा बहुविध औषधोपचार नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने तो १९८१ मध्ये सुचविला. २००५ अखेर देशातील प्रमाण दहा हजारांस एकाहून खाली आले, आणि ‘निर्मूलन झाले’ या घोषणेचा अर्थ अनेकांनी रोग संपला असा घेतला. आम्हीही त्यांतलेच. हा उपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य असून प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने चालतो.

आमच्या रुग्णास आम्ही स्वतः प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. चेतेला सूज असल्याने तेथे प्रेडनिसोलोनही द्यावे लागले. सहा महिन्यांत औषधे पूर्ण झाली व तो पुन्हा कापूस वेचावयास जाऊ लागला. करंगळी मात्र पूर्ण सरळ झाली नाही.