रोग्याच्या खाटेपलीकडचे वैद्यक

घरातील मुलगी एम.बी.बी.एस. झाली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आता एम.डी. कशात करणार?" अशा वेळी तिने "मला सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यधोरण शिकायचे आहे," असे सांगितले, तर बैठकीत क्षणभर शांतता पसरते. दवाखाना नाही, शस्त्रक्रिया नाही, दारावर नावाची पाटी नाही. मग इतकी वर्षे शिकून मिळविले काय? हा प्रश्न कोणी बोलून दाखवीत नाही, पण तो सर्वांच्या चेहऱ्यांवर उमटतो.

त्याचे उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीत आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दोघेही नागपुरात एम.डी. झाले. शहरात व्यवसाय थाटणे त्यांना सहज शक्य होते. परंतु त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९८४ साली सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि परतून गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था उभारली. तेथे उपचारांबरोबरच त्यांनी मोजणी आरंभिली. किती बालके जन्मतात, किती दगावतात, केव्हा आणि कशाने? नवजात बालकाला रुग्णालयात नेणे बहुतेक कुटुंबांना जमत नव्हते. म्हणून गावातील स्त्रियांनाच शिकवून उपचार घरापर्यंत नेले गेले. ३९ गावांतील या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही घरपोच काळजी देशभर स्वीकारली. एका जिल्ह्यातील मोजणीचे राष्ट्रीय धोरण झाले ते असे.

या अभ्यासक्रमात साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, आरोग्य-अर्थशास्त्र, आरोग्यव्यवस्थेचे व्यवस्थापन आणि नीतिशास्त्र हे विषय असतात. हाती मर्यादित निधी असताना तो महागड्या यंत्रावर खर्चावा की शुद्ध पाण्यावर, याचा निर्णय पुराव्यानिशी कसा घ्यावा, हे येथे शिकविले जाते. त्यासाठी परदेशी जाणे आता अपरिहार्य नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील अच्युत मेनन केंद्रात हा अभ्यासक्रम १९९७ पासून चालतो. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. अनेक ठिकाणी दंतवैद्य, परिचारिका व समाजशास्त्राचे पदवीधर यांनाही हे दार खुले असते.

अर्थात, पालकांपासून वस्तुस्थिती लपवू नये. येथील उत्पन्नाची विशेषज्ञाच्या कमाईशी बरोबरी होत नाही आणि अनेक नेमणुका कंत्राटी असतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र सेवासंवर्ग उभारावेत, असे सुचविले आहे. ते जितके प्रत्यक्षात येईल, तितकी ही वाट स्थिर होईल. म्हणून मुलीने निर्णय घेण्यापूर्वी काही महिने ग्रामीण आरोग्य केंद्रात किंवा एखाद्या संशोधन प्रकल्पात काम करून पाहावे.

अमुक डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असे आपण म्हणतो. तो गुण समोरच्या रोग्याला येतो. चांगल्या धोरणाचा गुण मात्र ज्या घराचा उंबरठा त्या डॉक्टरने कधी ओलांडला नाही, तेथेही येतो. तेव्हा बैठकीतील शांतता मोडताना मुलीला एवढेच विचारावे : "बाळ, तुला कोणता प्रश्न सोडवायचा आहे?" तिचे उत्तर स्पष्ट असेल, तर तिला निःशंक मनाने आशीर्वाद द्यावा.