साल्व्हियाचे फूल आणि मधमाशी

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या बागेत तांबड्या साल्व्हियाच्या वाफ्यापाशी उभे असता एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, येथे एवढी फुले असून मधमाशा फारशा फिरकत नाहीत, आणि पलीकडे तुळशीच्या मंजिऱ्यांवर मात्र त्यांची झुंबड! असे का?" प्रश्न लहान, पण मोलाचा होता.

तांबडा साल्व्हिया मूळचा ब्राझील देशातील. तेथे लांब चोचीचे चिमुकले गुंजन पक्षी त्याचा मध पितात. मध खोल नळीच्या तळाशी. मधमाशीची जीभ तेथवर सहज पोचत नाही, आणि तांबडा रंगही तिला नीटसा दिसत नाही. सारांश, ज्या पाहुण्यासाठी हे ताट वाढलेले आहे तो पाहुणा आपल्या देशात नाहीच!

ह्याच कुळातील युरोपातील कुरणांचा निळा साल्व्हिया पाहिला म्हणजे फूल व पाहुणा एकमेकांस कसे साजतात हे ध्यानी येते. हे झाड हात-दीड हात उंच वाढते. फुलाचा खालचा ओठ म्हणजे जणू माशीने बसावयाचा ओटाच. आत दोन पुंकेसर असतात व ते तराजूच्या दांडीप्रमाणे हलतात. दांडीचे खालचे टोक मधाची वाट अडवून असते. माशीने डोके आत घालून ते रेटले की वरचे टोक खाली येते आणि तिच्या पाठीवर पराग टेकविते. फूल जुने झाले की त्याची परागवाहिनी लांब होऊन खाली वाकते, आणि दुसऱ्या फुलावरून आलेल्या माशीच्या पाठीवरील पराग टिपून घेते. अशा रीतीने एका फुलाचा पराग दुसऱ्यास मिळून बीज धरते.

ही युक्ती प्रथम उलगडून सांगितली ती एका शाळामास्तराने. ख्रिश्चन कोनराड श्प्रेंगेल हे जर्मनीतील स्पांडाउ येथील शाळेचे मुख्याध्यापक होते. तासन् तास फुलांपाशी बसून त्यांनी जे पाहिले ते १७९३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या काळी त्याची फारशी कदर झाली नाही व पुढल्याच वर्षी त्यांची नोकरीही सुटली. पुढे एकोणिसाव्या शतकात डार्विनने त्यांचे महत्त्व जगास पटवून दिले.

हा साल्व्हिया त्याच्या देशी लावणे कठीण नाही. भरपूर ऊन, पाणी न साचणारी चुनखडीची जमीन, एवढे त्यास पुरे. खत घालू नये. खताने गवत माजते व साल्व्हिया त्यात गुदमरतो. बी वसंतात किंवा शरदात पेरावे. पहिल्या वर्षी बहुधा जमिनीलगत पानांचा नुसता झुबका दिसतो. म्हणून अधीर होऊन उपटू नये. फुले मे ते जुलै महिन्यांत येतात. एकेकटे रोप न लावता दहा-पाच जवळ जवळ लावावीत, म्हणजे माशीची फेरी वाया जात नाही. विषारी फवारा मात्र कटाक्षाने टाळावा. थोडी जमीन मोकळी ठेवावी. कित्येक रानमाशा मातीतच घरटी करतात.

एवढी खटपट कशासाठी? इंग्लंड व वेल्स येथे १९३० नंतरच्या सुमारे पन्नास वर्षांत फुलांनी भरलेली ९७ टक्के कुरणे नांगराखाली व खताखाली नाहीशी झाली. फुले गेली, त्यांच्यामागून माश्याही ओसरल्या. जेथे कुरण राहिले नाही तेथे अंगणातील चार वाफेच त्यांचा आधार होत.

विद्यार्थिमित्रहो, निळा साल्व्हिया आपल्या उष्ण हवेत आणून लावावा असे आमचे म्हणणे नाही. धडा तेवढा घ्यावा. त्याची आपल्याकडील भावंडे तुळस व सबजा दारीच आहेत. मंजिऱ्या येताच त्या सर्व खुडून टाकण्याची आपणांस सवय असते. त्यांतील निम्म्या तरी फुलू द्याव्यात. मग रोज सकाळी पाव घटका तेथे बसावे आणि कोणती माशी किती वेळा आली ते वहीत टिपून ठेवावे. पालकांनीही ह्या बसण्यास आळस समजू नये. श्प्रेंगेल ह्यांच्याजवळ ह्यापरते दुसरे साधन ते काय होते?