मेलवरचे शिक्कामोर्तब

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्र्यांमध्ये ओतलेले कास्टिंग परदेशी गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचेपर्यंत जो पत्रव्यवहार होतो – दरपत्रक, नकाशा, ऑर्डर, बीजक आणि सरतेशेवटी ज्या बँकखात्यात रक्कम भरावयाची त्याचा तपशील – तो जवळजवळ सगळा आज ई-मेलने होतो. तरीही ज्या कारखान्यात केसभर फरक पडला म्हणून तयार माल बाजूला काढला जातो, त्याच कारखान्यात आपले मेल कोणत्या यंत्रावरून जातात, वाटेत त्यांना कोण हात लावू शकतो, आणि आपल्या नावाने भलत्यानेच पत्र धाडले तर गिऱ्हाइकाने ते कशावरून ओळखावे, याची विचारपूस क्वचितच झालेली असते. मेल सर्व्हरचा बंदोबस्त हा पेढीच्या नावाशी निगडित विषय आहे असे मी मानतो, आणि त्याच दृष्टीने तो येथे मांडावयाचा आहे.

दोन सर्व्हर परस्परांशी कसे बोलतात हे एकदा समजून घेतले, की दुखणे कोठे आहे ते आपोआप ध्यानात येते. हे संभाषण ज्या नियमांनी चालते ते जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये लिहून प्रसिद्ध केले, आणि त्यांचा सांगाडा आजही तोच आहे. पाठवणारे यंत्र प्रथम ‘हेलो’ म्हणून स्वतःचे नाव सांगते. मग ‘मेल फ्रॉम’ असे म्हणून प्रेषकाचा पत्ता देते, ‘आरसीपीटी टू’ असे म्हणून ज्याला पत्र द्यावयाचे त्याचा पत्ता देते, आणि प्रत्येक वाक्याला समोरचे यंत्र २५० हा आकडा उच्चारून रुकार देते. ‘डेटा’ म्हटल्यावर ३५४ येतो, म्हणजे मजकूर सुरू करण्यास हरकत नाही. आणि मजकूर संपला हे कळविण्यासाठी एका स्वतंत्र ओळीत केवळ एक टिंब दिले जाते. या साऱ्या सवाल-जबाबात प्रेषकाने सांगितलेले नाव खरे कशावरून, हा प्रश्न कोणीही विचारीत नाही. शिवाय वाचणाऱ्याच्या पडद्यावर ‘फ्रॉम’ म्हणून जे नाव झळकते ते मजकुराच्या आत लिहिलेले असते, आणि ते वरच्या ‘मेल फ्रॉम’शी जुळलेच पाहिजे असे त्या मूळ नियमांत कोठेही म्हटलेले नाही.

ही उणीव निष्काळजीपणाने राहिलेली नव्हती. त्या काळी जाळ्यावर जी माणसे होती ती विद्यापीठांतली आणि संशोधनसंस्थांतली, एकमेकांना नावाने ओळखणारी होती. आपल्याकडेही १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने, डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली, टेलिफोनच्या तारेवरून पवईच्या आयआयटीशी मेलची देवघेव केली, तेव्हा दोन्ही टोकांना परिचितांचेच वर्तुळ होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, आणि त्या वर्तुळाच्या भरवशावर रचलेले नियम अनोळखी जगाच्या पदरी पडले.

भरवशाची पहिली मोठी परीक्षा त्यापूर्वीच होऊन गेली होती. बर्कलीच्या एरिक ऑलमन यांनी लिहिलेला ‘सेंडमेल’ हा प्रोग्रॅम तेव्हा बहुतेक युनिक्स यंत्रांवर मेल वाहण्याचे काम करीत असे. तो एकच अवाढव्य प्रोग्रॅम, आणि यंत्रावरचा सर्वोच्च अखत्यार त्याच्या हाती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ ज्या वाटांनी यंत्रांत शिरला, त्यांपैकी एक वाट सेंडमेलमध्ये दोषशोधनासाठी उघडी राहिलेली सोय ही होती. या अनुभवाचा बोध घेऊन वित्सा व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधनशाळेत ‘पोस्टफिक्स’ रचला आणि १९९८च्या अखेरीस तो विनामूल्य जगाच्या हाती दिला. त्याची रचना मला अत्यंत विवेकी वाटते. बाहेरच्या जगाशी बोलणारी प्रक्रिया वेगळी, रांग सांभाळणारी वेगळी, पत्र पेटीत टाकणारी वेगळी. प्रत्येकीला तिच्या कामापुरताच अधिकार. आणि जी परक्यांशी बोलते तिला तर यंत्राच्या एका बंदिस्त कोपऱ्यात, कवडीचाही विशेषाधिकार न देता बसविता येते. तिच्यावर कोणी ताबा मिळवलाच, तरी आतले सारे दप्तर त्याच्या हाती लागत नाही.

लिनक्सवर किंवा फ्रीबीएसडीवर पोस्टफिक्स बसविल्यानंतर ज्या फाइलीत त्याचे जाबते लिहिले जातात, तीत एक ओळ अशी आहे की तिच्यावरच उरलेल्या साऱ्याचा भार असतो. आपल्या सर्व्हरमार्फत बाहेर पत्र धाडण्याची मुभा कोणास, हे ती ठरविते, आणि तीत तीन शब्द क्रमाने येतात : ‘परमिट मायनेटवर्क्स’, ‘परमिट सासल ऑथेंटिकेटेड’, ‘रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन’. आपल्या स्वतःच्या जाळ्यातील यंत्रांस परवाना. परवलीचा शब्द देऊन ओळख पटविलेल्या माणसास परवाना. आणि इतर कोणी आपल्याकडे नसलेल्या पत्त्यासाठी पत्र घेऊन आला तर साफ नकार. नियम डावीकडून उजवीकडे वाचले जातात आणि पहिला जो लागू पडेल तो अंतिम ठरतो, म्हणून नकार शेवटीच हवा. पहिल्या शब्दातले ‘आपले जाळे’ कोणी आळसाने सैल लिहिले, तर तोच सर्व्हर जगभरच्या भामट्यांचे टपाल वाहू लागतो, थोड्याच वेळात काळ्या यादीत जातो, आणि मग कारखान्याचे खरे बीजकही गिऱ्हाइकाच्या दारातून परत येते. कर्मचाऱ्यांनी पत्रे धाडण्यासाठी ४६५ किंवा ५८७ क्रमांकाचे द्वार, सर्व्हरांनी आपसांत बोलण्यासाठी २५, ही विभागणीही याच वेळी करून घ्यावी. वाटेतल्या मजकुराचे सांकेतिकीकरण आता अवघड राहिलेले नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५पासून फुकट देत आली आहे, त्याची मुदत मात्र अल्प असल्याने नूतनीकरण यंत्राकडूनच होईल अशी तजवीज ठेवावी.

आता नावाच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर दरबाराचे मोडी कागद जतन केलेले आहेत. मराठेशाहीतले असे पत्र हातात घेऊन पाहिले, तर आपल्या पूर्वजांनी हाच प्रश्न किती बारकाईने सोडविला होता याचा प्रत्यय येतो. पत्राच्या शिरोभागी मुख्य शिक्का असे. मजकूर संपताच त्याच्या पायाशी मोर्तबाची लहान मुद्रा उमटविली जाई, जेणेकरून तिच्याखाली कोणाला एक अक्षरही वाढविता येऊ नये. आणि लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकमेकांस चिकटविलेले असत तेथे पाठीमागे नेमक्या सांध्यावर शिक्का मारला जाई, म्हणजे मधला एखादा बंद काढून दुसरा जोडला तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळत नसत. दप्तरात नोंद झाल्याचे ‘बार’ हे शेरे निराळेच. म्हणजे पत्र कोणाचे, ते येथे संपले काय, मध्ये फेरफार झाला काय, अशा तीन स्वतंत्र शंकांना तीन स्वतंत्र उत्तरे कागदावरच दिलेली होती.

‘डीकिम’ या नावाने २००७मध्ये प्रमाणित झालेली व्यवस्था गणिताच्या बळावर हेच कार्य एका मुद्रेत साधते. पत्र बाहेर पडताना सर्व्हर त्याच्या मजकुरापासून २५६ बिटांची एक संख्या काढतो. ही संख्या अशी विलक्षण असते, की बीजकातल्या खाते क्रमांकाचा एक अंक बदलला तरी ती समूळ निराळी होते. ही संख्या आणि प्रेषक, विषय, दिनांक इत्यादी मथळे यांवर तो आपल्या खाजगी किल्लीने स्वाक्षरी करतो आणि ती स्वाक्षरी पत्राच्या माथ्यावर जोडतो. या किल्लीची जोडीदार असलेली सार्वजनिक किल्ली पेढीच्या डोमेनखाली डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरील नावांच्या सार्वजनिक नोंदवहीत, जाहीर केलेली असते. ग्राहकाचा सर्व्हर ती तेथून घेऊन स्वाक्षरी पडताळतो. खाजगी किल्लीची फाइल सर्व्हरच्या बाहेर जाऊ देऊ नये, आणि तेथेही ती स्वाक्षरी करणाऱ्या प्रक्रियेखेरीज कोणास वाचता येऊ नये. येथे एक बारीकशी अडचण हमखास येते : २०४८ बिटांची सार्वजनिक किल्ली डीएनएसच्या एका तुकड्यात, म्हणजे २५५ अक्षरांत, मावत नाही, ती अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून लिहावी लागते, आणि हे तुकडे करताना एखादे अक्षर गळाले की सारी पडताळणी फसते.

‘एसपीएफ’ ही दुसरी नोंद त्या मानाने साधी आहे : आमच्या नावाने पत्र धाडण्याचा अधिकार अमुक यंत्रांनाच, अशी ती जाहीर यादी. तिसरी ‘डीमार्क’. पडद्यावर दिसणारे नाव या दोन कसोट्यांपैकी निदान एकीशी जुळावे, आणि न जुळल्यास पत्राचे काय करावे – काहीच न करता केवळ अहवाल द्यावा, संशयित म्हणून बाजूला ठेवावे, की नाकारावे – हे पेढी स्वतः त्यात सांगते. आरंभी केवळ अहवाल मागवावेत हे योग्यच. पण कित्येक जण वर्षानुवर्षे तेथेच थांबतात, आणि मग त्यांच्या नावाची खोटी पत्रे बिनदिक्कत पोहोचत राहतात. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या, हे बरेच झाले.

एवढे करूनही एक वाट उरते, आणि निर्यातदारांनी ती नीट ओळखून असावे. भामटा पेढीच्या नावात एका अक्षराचा फरक असलेले डोमेन स्वतःच विकत घेतो, त्यावर तिन्ही नोंदी रीतसर चढवितो, आणि चोरलेल्या परवलीच्या शब्दाने एखाद्या कर्मचाऱ्याची पेटी मुकाट्याने वाचीत राहून, नेमके बीजक निघण्याच्या वेळी ‘आमचे खाते बदलले आहे’ असे पत्र गिऱ्हाइकास धाडतो. येथे कोणताही शिक्का उपयोगी पडत नाही, कारण पत्र त्याच्या स्वतःच्या नावाने अस्सलच असते. पेटीला परवलीच्या शब्दाबरोबर दुसरी खूण मागणारे कुलूप असावे, पेटीत परस्पर पत्रे पुढे धाडणारा एखादा नियम कोणी घालून ठेवला नाही ना हे अधूनमधून पाहावे, आणि खाते बदलल्याचे कोणतेही पत्र आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री झाल्याशिवाय मानू नये, असा करार गिऱ्हाइकाशी आधीच करून ठेवावा.

ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद पाडला होता. अशा वेळी कचेरीतला सर्व्हर विजेअभावी थंड पडला तर येणारी पत्रे लगेच हरवत नाहीत. धाडणारा सर्व्हर ती आपल्या रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि पोस्टफिक्सचा रिवाज पाच दिवस वाट पाहण्याचा आहे. परंतु पूर पाचव्या दिवशी ओसरेलच असे नाही. म्हणून सर्व्हर पूररेषेपासून दूर, दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला बरा. स्थिर आयपी पत्ता आणि त्या पत्त्यावरून उलट नाव सांगणारी नोंदही तेथे सुलभपणे मिळते, जी घरगुती ब्रॉडबँडवर बहुधा मिळत नाही. जोडीला दुसरा पर्यायी सर्व्हर ठेवावयाचा, तर त्याचे नियम पहिल्याइतकेच कडक हवेत, कारण उपद्रवी मंडळी पहारा सैल असेल या अपेक्षेने मुद्दाम त्याच दाराशी जातात.

मग प्रत्येक पेढीने स्वतःचा सर्व्हर चालवावाच काय? माझे मत असे, की डोमेन आणि त्यावरच्या या तीन नोंदी पेढीने स्वतःच्या ताब्यात ठेवाव्यात, त्यांचा मुखत्यार परक्याला करू नये; सर्व्हर मात्र तेव्हाच चालवावा, जेव्हा त्याची आवक-जावक बारनिशी, म्हणजे लॉग, रोज सकाळी वाचणारा माणूस घरात असेल. कोल्हापुरात अभियांत्रिकीची मुले दरवर्षी मोठ्या संख्येने बाहेर पडून पुण्या-बेंगळुरूची वाट धरतात. त्यांतल्या एखाद्याला हे काम सोपविणे ज्या कारखान्याला झेपते, त्याने ते अवश्य करावे.

आणखी एक सोय आता आपल्या दारी आली आहे. ऑगस्ट २०१४पासून ‘.भारत’ या शेवटाची देवनागरी डोमेने मिळतात, आणि पोस्टफिक्सच्या २०१५मधील तिसऱ्या आवृत्तीपासून पत्त्यातले व्यक्तिनामही देवनागरीत चालते. ज्या गिऱ्हाइकाच्या सर्व्हरला हे अजून उमगत नाही त्याच्याकडून असे पत्र परत येते, तेव्हा रोमन पत्ताही जोडीने राखावा. आणि डोमेन घेताना नावातल्या इकार-उकारांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन्ही रूपे एकाच वेळी आपल्या नावावर करून घ्यावीत.