विठाबाईंना रजा कोणी दिली?

लोणावळा लोकलमध्ये ज्यांची रेंज गेली आणि अर्धा एपिसोड हुकला, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

मागच्या वेळी आपण दक्षिण आफ्रिकेच्या ब्लॅक कॉफीबद्दल बोललो. १९९० मध्ये अपघातात डावा हात निकामी झालेला हा डीजे. २०१० मध्ये त्याने सलग ६० तास वाजवलं आणि २०२२ मध्ये ग्रॅमी घेतलं. त्यावर एका लिसनरने विचारलं, "दादा, आपल्याकडे असं कोणी नाही का?"

आहे की! मावळातून तळेगाव-चाकणमार्गे दोन-अडीच तासांत नारायणगावला पोचाल. तिथल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९३५ मध्ये पंढरपुरात जन्मल्या, म्हणून नाव विठाबाई. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा तमाशाचा फड होता, त्यामुळे गाणं आणि नाच लहानपणापासून घरातच. शाळेपेक्षा बोर्डाची ओढ जास्त. तमाशात स्टेजला बोर्ड म्हणतात, बरं का. पुढे त्यांनी स्वतःचा फड चालवला. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी जवानांसमोर कला सादर केली. १९५७ आणि १९९० असं दोनदा त्यांना राष्ट्रपतींचं पदक मिळालं.

पण विठाबाई म्हटलं की तुमच्या फोनवर येतो तो एकच किस्सा. नऊ महिने भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. खेळ ऐन रंगात आणि पोटात कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला बाहेर आल्या. आपण रील बघतो, अंगावर काटा येतो, 'सॅल्यूट' टाकतो आणि पुढे सरकतो.

मीही तेच करायचो. पण त्या बाहेर का आल्या, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

उत्तर तमाशाच्या हिशोबात आहे. फड साधारण दसऱ्याला बाहेर पडतो. थंडीत गावोगाव तंबू लावून तिकिटावर खेळ होतात. चैत्र-वैशाखात जत्रांच्या सुपाऱ्या. पावसाळ्यात सगळं बंद. म्हणजे सात-आठ महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचं. कलाकार हंगामाआधीच 'उचल' घेतात, म्हणजे आगाऊ पैसे. ती द्यायला फडमालक स्वतः सावकाराकडून कर्ज काढतो. गाड्या, तंबू, ढोलकीवाले, सोंगाड्या, स्वयंपाकी, सगळ्यांचं पोट रोजच्या खेळावर. एक खेळ बुडाला की व्याज मात्र थांबत नाही. आणि लोक जिच्या नावावर गर्दी करतात, तीच बाई आत बसली तर?

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. माझ्या टीममधली मैत्रीण सध्या बाळंतपणाच्या पगारी रजेवर आहे. ही रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातून आली. २०१७ मध्ये ती १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. गंमत म्हणजे १९७३ च्या दुरुस्तीने या कायद्यात सर्कशीसारखे खेळ आणि इतर प्रयोग करणाऱ्या आस्थापनाही आल्या. पण कायदा मालक आणि नोकर असं नातं धरून चालतो. विठाबाई तर फडाचा चेहरा, पुढे मालकीणही. त्यांनी अर्ज करायचा कोणाकडे?

आता त्या किश्श्याचा शेवट ऐका, रीलमध्ये तो बहुतेक कापलेला असतो. त्या परत आल्या तेव्हा पोट दिसेना, म्हणून लोकांनी चौकशी केली. खरं कळल्यावर प्रेक्षकांनीच खेळ थांबवायला लावला आणि म्हणाले, बाई, आता आराम करा. म्हणजे रजा दिली ती कनातीसमोर बसलेल्या लोकांनी.

हे मला कळलं ते गेल्या चैत्रात. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी तिथे जाऊन जत्रेसाठी तमाशा ठरवतात. आमच्या गावच्या जत्रा कमिटीबरोबर मीही गेलो होतो. आम्ही तासभर भावावरून घासाघीस केली. शेवटी मॅनेजर म्हणाले, "भाव राहू द्या पाहुणे. आमच्या पोरींना कपडे बदलायला आडोसा आणि संडास आहे का, ते सांगा."

आम्ही सगळे गप्प. लाईट, बैलगाडा, पार्किंग, सगळ्याची यादी होती. ही गोष्ट कोणाच्या डोक्यातच नव्हती. माझ्याही नाही.

विठाबाई १५ जानेवारी २००२ ला गेल्या. शेवटचे दिवस हलाखीचे, दवाखान्याच्या बिलालाही लोकांची मदत घ्यावी लागली. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशातला जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी फडाची परंपरा पुढे नेली. पुरस्कार हवाच. पण तो आयुष्याच्या शेवटी मिळतो आणि संडास मात्र रोज रात्री लागतो.

जिद्द खरी होती, यात वादच नाही. फक्त जिद्दीचं कौतुक करता करता आपण त्या दगडाचंही कौतुक करायला लागतो, तिथे गडबड आहे. तिथे दगडाऐवजी सुईण का नव्हती, हे विचारायला हवं.

यंदा आमच्या यादीत पहिल्या ओळीवर लिहिलंय: शाळेच्या दोन खोल्यांची किल्ली, पाण्याचा टँकर, बायकांसाठी संडास, खेळाआधी जेवण. खर्च डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यापेक्षा कमी.

तुमच्या गावात तमाशा येत असेल तर कमिटीतल्या काकांना एवढंच विचारा, "आडोशाचं काय केलंत?" आणि काय उत्तर मिळालं ते मला व्हॉइस नोटवर कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. भेटू!