डबा नवा, किल्ली कंपनीकडे

एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने फोर्डच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांतला ‘पॉवरशिफ्ट’ नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स थरथरतो, उचल घेताना झटके मारतो, अशा तक्रारी घेऊन लोक सर्व्हिस सेंटरला जात होते. गिअरबॉक्समध्ये मूळचा दोष आहे हे कंपनीला माहीत होतं, तरीही अनेकांना सांगण्यात आलं की दोष तुमच्या चालवण्यात आहे. गाडीत नेमकं काय बिघडलंय हे ज्याला कळतं तो एक, आणि ज्याच्या खिशातून पैसे जातात तो दुसरा, अशी ही विभागणी आहे. पूर्वीही ती होती. पण घासलेली क्लच प्लेट मेकॅनिक हातात घेऊन दाखवू शकायचा. गिअरबॉक्सच्या ‘ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल’मध्ये, म्हणजे टीसीएम या डब्यात, दाखवण्यासारखं काहीच नसतं. म्हणूनच त्याची बदली हा नुसता सुट्या भागाचा व्यवहार मानता येत नाही. ज्याच्या हातात त्या डब्याची माहिती आहे, त्याने एकतर त्याच्या बिघाडाचा खर्च उचलावा, नाहीतर ती माहिती योग्य मोबदला घेऊन बाहेरच्या गॅरेजला द्यावी, असं माझं म्हणणं आहे.

हा डबा करतो काय, ते आधी पाहू. गाडीचा वेग, इंजिनचे फेरे, अॅक्सिलरेटर किती दाबलाय, गिअरचा दांडा कुठे आहे, हे सगळं तो सतत वाचतो आणि कोणता गिअर कधी पडावा, क्लच किती आणि किती वेगाने सुटावा हे ठरवतो. पॉवरशिफ्टमध्ये दोन कोरडे क्लच आहेत आणि ते विजेच्या मोटरींनी हलतात. मॉड्यूल गिअरबॉक्सच्या अंगावरच बसवलेलं असतं. म्हणजे गरम होणं, थंड होणं, हादरे खाणं हे त्याचं रोजचंच. अशा जागी सर्किटचे बारीक सोल्डर-जोड कालांतराने तडकू शकतात, आणि तडकलेला जोड गार असताना चिकटतो, तापला की सुटतो. सकाळी नीट चालणारी गाडी दुपारच्या ट्रॅफिकमध्ये अचानक गिअर सोडते आणि गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत पुन्हा शहाण्यासारखी वागते, त्याचं एक कारण हे असू शकतं. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून पसरलेल्या एएमटी गाड्यांत गिअरबॉक्स साधा, मॅन्युअलच असतो. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं आणि त्या यंत्राला हुकूम असाच एक डबा देतो. त्यामुळे हा विषय महागड्या गाड्यांपुरता राहिलेला नाही.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते निदानात. स्कॅनर लावला, ‘यू ०१०१’ हा कोड आला, की टीसीएम गेला असं सांगून टाकण्याची घाई होते. वास्तविक या कोडचा अर्थ एवढाच, की टीसीएमकडून निरोप येत नाही. फोन उचलला जात नाही म्हणजे माणूस गेला असं आपण धरत नाही; बॅटरी संपली असेल, तार तुटली असेल. इथेही तसंच आहे. बॅटरी अशक्त असेल, फ्यूज उडाला असेल, अर्थिंगच्या जोडाला गंज चढला असेल, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं असेल, तरी नेमका हाच कोड उमटतो. कोकणात एक पावसाळा काढलेल्या गाडीत ही शक्यता आधी तपासायला हवी. गाडीतले हे डबे एकमेकांशी ज्या पीळ दिलेल्या दोन तारांवर बोलतात, त्या जोडीच्या दोन्ही टोकांना सहसा १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी काढून त्या दोन तारांमध्ये साधा मल्टिमीटर लावला, तर सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रोध दिसत नाही, म्हणजे बहुधा तार कुठेतरी तुटली आहे. शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ही तपासणी काही मिनिटांची आहे. त्यानंतर मॉड्यूलपर्यंत वीज पूर्ण पोहोचते का आणि भार असताना अर्थिंग टिकतं का, हे पाहायचं. या पायऱ्या झाल्याशिवाय नवा डबा मागवणं म्हणजे घरातला दिवा लागत नाही म्हणून थेट मीटर बदलण्यासारखं आहे. यावर गॅरेजवाल्याची बाजू अशी, की शोधाशोधीच्या तासांचे पैसे ग्राहक देत नाही, बदललेल्या भागाचे देतो. ही तक्रार खरी आहे, आणि इथे चूक ग्राहकाची आहे. निदानाची मजुरी आपण खुशीने द्यायला शिकलो नाही, तर तीच मजुरी अनावश्यक सुट्या भागांच्या बिलात दडून येणार.

समजा, तपासून डबाच खराब निघाला. चार बोल्ट आणि एक कनेक्टर, एवढंच काम दिसतं. पण कारखान्यातून आलेलं मॉड्यूल बऱ्याचदा कोरं असतं. त्यात त्या विशिष्ट गाडीसाठीचं सॉफ्टवेअर भरावं लागतं, चॅसी नंबर नोंदवावा लागतो. ते भरत असताना बॅटरीचा दाब खाली आला आणि काम अर्धवट तुटलं, तर नवाकोरा डबा निकामी होऊ शकतो. म्हणून तेवढा वेळ बॅटरीला बाहेरून स्थिर पुरवठा ठेवतात. मग गाडीला पुन्हा शिकवावं लागतं: क्लच नेमका कोणत्या बिंदूला पकडतो, प्रत्येक गिअर कुठे बसतो. हे शिकवणं राहिलं तर चांगला डबाही झटके देतो आणि मालकाला वाटतं, आपण फसलो. एएमटीत तर नुसती क्लच प्लेट बदलली तरी स्कॅनरवरून हा धडा पुन्हा द्यावा लागतो. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात अपघातग्रस्त गाडीतून काढलेलं मॉड्यूल स्वस्तात मिळेलही, पण बऱ्याच गाड्यांत ते जुन्या गाडीच्या चॅसी नंबराशी बांधलेलं असतं. वस्तू विकत मिळते, पण तिला जिवंत करणारी फाइल आणि परवानगी कंपनीच्या सर्व्हरवर राहते. मालकी अर्धीच हातात येते.

कंपन्या यावर सुरक्षिततेचा मुद्दा मांडतात, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. काही गाड्यांत टीसीएम चोरीरोधक यंत्रणेशी जोडलेला असतो. कुलूप सरसकट उघडलं तर चोरांचीही सोय होईल. अर्धवट माहितीच्या मेकॅनिकने चुकीचं सॉफ्टवेअर भरलं तर भर रस्त्यात गिअर सुटू शकतो. पण यावरून माहिती कुणालाच देऊ नये असं सिद्ध होत नाही. कुणाला द्यावी याची चाळणी हवी, एवढंच सिद्ध होतं. अमेरिकेत चोरीरोधक यंत्रणेशी संबंधित कामासाठी नोंदणी झालेल्या, पार्श्वभूमी तपासलेल्या कारागिरांना कंपन्यांची माहिती मिळते. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मोठ्या बहुमताने मंजूर केला, आणि २०१४ च्या सुरुवातीला वाहन कंपन्यांनी देशभरासाठी तसा करार मान्य केला. त्यानंतर तिथला गाडीउद्योग कोसळला नाही. दुसरा आक्षेप संशोधनावरच्या खर्चाचा. त्या खर्चाची भरपाई सॉफ्टवेअरच्या वापरशुल्कातून व्हायला माझी हरकत नाही. शुल्क घ्या, दार बंद करू नका. आणि दार बंदच ठेवायचं असेल तर जबाबदारीही आत ठेवावी लागेल. ते शक्य आहे, हेही फोर्डनेच दाखवलं आहे: याच पॉवरशिफ्टच्या मॉड्यूलची वॉरंटी कंपनीने २०१४ मध्ये अमेरिकेत १० वर्षं किंवा दीड लाख मैलांपर्यंत वाढवली. दीड लाख मैल म्हणजे सुमारे २ लाख ४० हजार किलोमीटर. अशी मुदतवाढ ठरावीक गाड्यांपुरती असते, म्हणून पैसे भरण्याआधी चॅसी नंबर देऊन कंपनीकडे लेखी विचारणा करणं हा दुरुस्तीतलाच एक टप्पा समजायला हवा.

भारतात हा प्रश्न अधिकृतपणे मांडला गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी स्पर्धा आयोगाने १४ वाहन कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड केला. सुटे भाग, निदानाची उपकरणं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना मोकळेपणाने मिळू दिली जात नाही, हे त्यामागचं कारण होतं. प्रकरण अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस पोर्टल सुरू केलं. वाहनं हे त्यातलं एक क्षेत्र आहे. पोर्टलवर माहिती ठेवणं आणि कायद्याने ती देणं भाग पाडणं यांत मोठं अंतर आहे. पॉवरशिफ्टचीच इकोस्पोर्ट २०१३ मध्ये आपल्याकडेही आली होती. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि सर्व्हिस व सुटे भाग चालू ठेवण्याचं आश्वासन दिलं. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते; म्हणजे त्यातल्या पहिल्या गाड्या २०२८ पर्यंत, आणि नूतनीकरण केलं तर त्यापुढेही, कायदेशीरपणे रस्त्यावर असतील. त्या काळात कधी मॉड्यूल गेलं, तर नव्या डब्यात भरायची फाइल मालकाला मिळेल याची हमी आज फक्त त्या आश्वासनावर उभी आहे. ती कायद्यात लिहिलेली हवी.