मेंढ्याचाही उतारा काढा



ऊस गाळपाला गेला की आपण दोन आकडे विचारतो. टनेज किती, अन् उतारा किती? मेंढ्यांच्या बाबतीत मात्र आपण नुसते टनेज पाहतो. मेंढा अंगाने दांडगा दिसला की ठेवला पैदाशीला! तेवढ्या वजनासाठी त्याने चारा किती फस्त केला, हे कोणी पाहत नाही. आपल्या राळेगाव भागात उन्हाळ्यात कडबा, कुटार विकत घ्यायची पाळी आली म्हणजे हीच गोष्ट अंगाशी येते. एक मेंढा पंचवीस-तीस मेंढ्यांना लागतो, त्याचा गुण-अवगुण साऱ्या कळपात उतरतो.

मोजायचे कसे?

दूध तुटलेले, एकाच वयाचे चार-पाच नर वेगवेगळे बांधावेत. पहिले दोन आठवडे चाऱ्याची सवय होऊ द्यावी. पुढे साठ दिवस प्रत्येकाला चारा, ढेप तोलून घालावी व दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले तोलून वजा करावे. दर पंधरवड्याला सकाळी, चारापाण्यापूर्वी वजन घ्यावे. हिशेब कोरड्या चाऱ्याचा धरावा. शंभर किलो हिरव्या मक्यात कोरडा भाग २०-२५ किलोच असतो. कडब्यात ९० च्या आसपास. उसाचे वाढे घालत असाल तर सोबत तुरीचे कुटार, ढेप व क्षार मिश्रण द्यावे, कारण वाढ्यातील ऑक्झॅलेटमुळे अंगातला चुना बांधला जातो.

उदाहरणादाखल, २० किलोचे दोन मेंढे ६० दिवसांत सहा-सहा किलो वाढले. एकाने ५७ किलो कोरडा चारा खाल्ला, दुसऱ्याने ४८. म्हणजे किलोभर वाढीला पहिल्याला साडेनऊ किलो लागले, दुसऱ्याला आठ. दिसायला दोघे सारखेच, पण ठेवायचा दुसरा.

इथे फसू नका

तिसरा मेंढा नऊ किलो वाढला अन् ७२ किलो खाल्ला, तर त्याचाही आकडा आठच येतो. बाजारात विकायला तो चांगलाच. पण त्याच्या मुली थोराड निघतात व वर्षभर जास्त खातात. म्हणून पैदाशीसाठी सारख्या वजनाचे व सारख्या वाढीचे मेंढे जोडीला लावून, कमी कोणी खाल्ले ते पाहावे. वजन व वाढ पाहून जेवढे खायला हवे, त्याहून कमी खाणारे जनावर निवडण्याची ही रीत अमेरिकेत १९६३ साली गुरांसाठी मांडली गेली. न्यूझीलंडमध्ये आज आपोआप तोलणाऱ्या गव्हाणींवर मेंढ्यांचे असेच मोजमाप होते. आपल्याला तराजू अन् वही पुरे.

मेंढीचा हिशेब

चरणाऱ्या मेंढीचा चारा तोलता येत नाही. कमी खाऊन वाळत जाणारी मेंढी काटकसरी नव्हे. ती अंगावरची चरबी जाळते. तिच्यासाठी भरण्याच्या वेळचे तिचे वजन व दूध तुटताना कोकरांचे एकूण वजन लिहून ठेवावे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. जुळी वाढली तर एकाच मेंढीच्या पोटगीत दोन कोकरे मिळतात. मात्र गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात व दूध पाजताना तिला जादा खुराक हवाच. तिथे हात आखडला तर कोकरे मरतात अन् हिशेब उलटा पडतो.

तेव्हा मेंढा ठेवण्याआधी एकदा साठ दिवसांची वही घाला. चाऱ्याचा तोल कळला म्हणजे कळपाचा नफा कळतो.

— ऊस विकास अधिकारी