विषय बदलला, प्रश्न सुटला नाही: मिशेल मोंजे यांची वाट

पदव्युत्तर शिक्षण घेणारी आपली मुले-मुली आम्हाला नेहमी विचारतात, "आता विषय बदलला तर मागची वर्षे वाया जातील का?" पहिल्या पिढीत शिकणाऱ्याला ही भीती जास्त वाटते. बाबासाहेब अर्थशास्त्रातून कायद्याकडे गेले, हे त्यांना ठाऊक असते, तरीही. म्हणून विज्ञानातले एक उदाहरण.

मिशेल मोंजे यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासोबत मेंदूविज्ञानात पीएच.डी. केली. डोक्याला किरणोपचार घेतलेल्या रुग्णांची स्मरणशक्ती का घटते, हा त्यांचा सुरुवातीचा प्रश्न. किरणांमुळे मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागात नव्या चेतापेशी तयार होणे बंद पडते, हे 2002 मध्ये त्यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले.

पुढे त्या डीआयपीजी या लहान मुलांच्या मेंदूच्या कर्करोगाकडे वळल्या. ही गाठ मेंदूच्या देठात, निरोगी पेशींत मिसळून वाढते. कापून काढता येत नाही. निदानानंतर बहुतेक मुले वर्षभरही जगत नाहीत. अभ्यासायला पेशीही मिळत नव्हत्या. मूल गमावलेल्या आईबापांनी गाठीचा भाग दान केला, तेव्हा कुठे प्रयोगशाळेत त्या वाढवता आल्या.

इथे जुने शिक्षण कामी आले. चेतापेशी काम करू लागल्या की शेजारच्या पूर्वपेशींची संख्या वाढते, हे त्यांच्या गटाने 2014 मध्ये उंदरांत दाखवले. मग कर्करोगाच्या पेशीही याच इशाऱ्यावर वाढत असतील का? 2015 मध्ये उत्तर आले: होय. 2019 मध्ये तर चेतापेशी आणि कर्करोगाच्या पेशी यांच्यात थेट जोडण्या असल्याचे सिद्ध झाले. जर्मनीतील फ्रँक विंकलर यांच्या गटालाही तेच आढळले होते. या दोघांना 2025 चा 'ब्रेन प्राइझ' मिळाला.

गाठ एकटी वाढत नाही, भोवतालच्या कारणांवर वाढते, हे वाचताना आम्हाला प्रतीत्यसमुत्पाद आठवला. पण हे बुद्धांनी आधीच सांगितले होते, असला दावा आम्ही करणार नाही. हे प्रयोगाने सिद्ध झालेले आहे.

उपचार अजून हाती आलेला नाही. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत देण्याची चाचणी स्टॅनफर्डमध्ये सुरू आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत 11 रुग्णांपैकी चौघांची गाठ निम्म्याहून अधिक आक्रसली, त्यातल्या एकाची पूर्ण नाहीशी झाली.